तबकडीचा पत्ता

पाकिटावर ४८२००१ हा पिन लिहिला की पत्र जबलपूरला पोहोचते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली. यातील पहिला अंक विभाग दर्शवितो, तर शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहितीलाही पूर्वी असाच भागाभागांनी पत्ता दिला जात असे.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात. त्यांच्या पृष्ठांवर एकात एक वर्तुळाकार ट्रॅक असतात. सर्व पृष्ठांवरील एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकांचा मिळून एक सिलिंडर होतो. ट्रॅकचे लहान भाग म्हणजे सेक्टर. जुन्या डिस्कच्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट माहिती मावते आणि ती हेड वाचतो. सिलिंडर, हेड व सेक्टर यांच्या संख्यांना डिस्कची भौमितिक रचना म्हणतात. जुन्या पद्धतीत या संख्यांची मर्यादा अनुक्रमे १०२४, २५६ व ६३ होती. त्यामुळे सुमारे ८.४ गिगाबाइटपलीकडे पत्ता देता येईना. म्हणून पुढे सेक्टरांना सलग क्रमांक देण्यात आले. आजच्या एसएसडीत तर फिरती तबकडीच नसते.

तरीही काही साधने जुनाच पत्ता विचारतात. लिनक्समधील 'एमकेएनटीएफएस' हे डिस्क फॉरमॅट करण्याचे साधन त्यांपैकीच एक. रचना कळली नाही, तर ते त्या जागी शून्य धरते आणि 'येथून विंडोज सुरू होणार नाही' अशी सूचना देते. एवढ्यावरून डिस्क बिघडली असे मानू नये. डिस्क केवळ साठवणीसाठी असेल, तर काम अडत नाही. विंडोज सुरू करायचे असेल, तर तीन संख्या स्वतः द्याव्या लागतात. हेड २५५ व प्रत्येक ट्रॅकवरील सेक्टर ६३ हा रूढ संकेत आहे. तिसरी संख्या म्हणजे डिस्कच्या त्या विभागाचा आरंभीचा सेक्टर. तो बहुधा २०४८ असतो. परंतु अंदाज न करता 'एफडिस्क'च्या यादीतून वाचून घ्यावा.

फॉरमॅटची आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचे नाव व आकार दोनदा ताडून पाहावा आणि माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र परत येते. चुकीच्या डिस्कवर दिलेली आज्ञा मात्र वर्षांचे हिशेब आणि घरातील छायाचित्रे पुसून टाकू शकते.

पाठगत प्रश्न
१. सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची गरज का भासली?
२. आरंभीचा सेक्टर अंदाजाने का देऊ नये?