लग्नाच्या वाढदिवसाला इटालियन जेवायला निघालात तर

पोरी, लग्नाचा पहिला वाढदिवस नाशिकला इटालियन हॉटेलात करायचा आणि सोबत वाइन घ्यायची, हा बेत तू मला न लाजता सांगितलास याचा मला फार आनंद झाला. तुझे काका आणि मी संगमनेरहून याच कामासाठी कितीतरी वेळा नाशिकला गेलोय. म्हणून मावशीच्या हक्काने काही गोष्टी सांगते. जावईबापूंनाही वाचून दाखव.

घरी खरं सांगून निघा. आपल्या जिल्ह्यात बाटलीचं नाव काढलं की मोठ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती उगाच पडत नाही. राळेगणसिद्धी गाव उभं राहिलं ते दारूभट्ट्या बंद करून. 2017 साली जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत पांगरमलला विषारी दारूने माणसं गेली. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. तुझ्या सासूबाईंनी हे सगळं पाहिलंय. त्यांना जुनाट म्हणू नकोस. जेवणाबरोबर एखादा ग्लास घेणार आहोत, रात्री गाडी चालवणार नाही, एवढं समोर बसून सांग. मनात चोरी ठेवून बसलेल्या माणसाला समोरच्या ताटाची चव लागत नाही. आणि बाटलीचा फोटो व्हॉट्सअपच्या स्टेटसला टाकू नकोस. तुमची रात्र तुमच्यापुरती राहू दे.

तारीख आधी तपासा. आषाढी एकादशी, गांधी जयंती, मतदानाचे दिवस हे ड्राय डे असतात. तुमची तारीख त्यात आली तर दुसरा दिवस निवडा. वाइनसाठी आपल्या राज्यात वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. प्यायचा परवानाही लागतो. एका दिवसाचा परवाना बहुतेक ठिकाणी हॉटेलातच देतात.

आता ताटाचं. तुमच्या घरी माळ आहे, म्हणून हे नीट ऐक. हॉटेल शाकाहारी असलं तरी चीजचं विचारायचंच. अस्सल पार्मेजान चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पानाकोट्टा नावाच्या गोडात जिलेटिन असतं, तिरामिसूत बहुधा अंडं असतं आणि कधीकधी दारूही. पुण्यात 1989 साली सुरू झालेल्या ‘लिटल इटली’सारखी निव्वळ शाकाहारी इटालियन हॉटेलं आपल्याकडे आहेत, तिथे ही काळजी कमी. पण विचारण्यात कमीपणा कसला? वेटरला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येईल. नाहीच आला, तर तो पदार्थ सोडून द्यायचा.

पास्ता दाताखाली किंचित कणखर लागतो, रिसोट्टोचा भातही मध्ये जरा टणक असतो. तो कच्चा नसतो, तसाच करतात. परत पाठवू नका. मार्गरिटा पिझ्झ्यावरची हिरवी पानं म्हणजे ज्याचं बी आपण सब्जा म्हणून भिजवतो त्याच झाडाची. आणि टोमॅटो तर संगमनेर, अकोले, नारायणगाव या आपल्याच पट्ट्यात ढिगाने पिकतो. त्यामुळे त्या जेवणाला परकं समजून बिचकू नका. वरून चिली फ्लेक्सची पुडी मात्र रिकामी करू नका. तिखटाने लाल वाइनचा तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात, मग वाइनही वाया आणि पदार्थही.

वाइन कुठली घ्यायची, हे तू सगळ्यात जास्त घाबरून विचारलंस. मेनूकार्डातल्या परदेशी नावांकडे जाऊच नका. आपल्या आसपास चांगली वाइन होते. नारायणगावात 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फेसाळ वाइन केली, 2000 साली नाशिकची सुला बाजारात आली, आणि अकलूजला मोहिते-पाटलांनी इटलीच्या आणि दिल्लीच्या भावांबरोबर फ्रातेल्ली उभी केली. तिथे तोस्कानाहून आलेल्या पिएरो मासींनी सांजोवेसे हे इटलीचं लाल द्राक्ष सोलापूरच्या उन्हात रुजवलं. टोमॅटोच्या आंबट सॉसबरोबर मी डोळे मिटून हीच सांजोवेसे सांगेन, कारण तिच्यातही तोच आंबटपणा आहे. टोमॅटोसमोर कमी आंबट वाइन पाणचट लागते. पांढऱ्या सॉसचा पास्ता मागवलात तर पांढरी घ्या. पहिल्यांदाच घेणाऱ्या माणसाला शेनिन ब्लां बरी पडते, ती बहुधा थोडी गोडसर असते.

पूर्ण बाटली 750 मिलीची, तिचे पाच ग्लास होतात. दोघांना ती जास्त आहे. अर्धी बाटली मिळते का विचारा, नाहीतर ग्लासावर घ्या. पांढरी चांगली गार हवी. लालसुद्धा आपल्या उन्हाळ्यात कोमट पिऊ नये. बर्फाच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला सांगा. वेटर बाटली दाखवून घोटभर ओतेल आणि तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहील, तेव्हा गडबडू नका. ‘आवडली का’ असं तो विचारत नसतो. वाइन खराब झालेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडलंय, बिनदिक्कत परत द्या. नाहीतर मान हलवा की झालं. ग्लास खालच्या दांडीला धरा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही.

दर घोटाबरोबर पाणी प्या आणि उपाशीपोटी सुरुवात करू नका. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लासाला हात नको. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी लिंबूपाणी. दोघांपैकी एकाला नको वाटलं तर दुसऱ्याने एका शब्दानेही आग्रह करायचा नाही. आपल्याकडे जिलबीचा आग्रह करतात, तो इथे चालत नाही. जावईबापूंना हे वाक्य दोनदा वाचून दाखव.

बिलात जेवणाचा जीएसटी वेगळा आणि वाइनचा व्हॅट वेगळा येतो, ते पाहून वाद घालू नका. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. नको असेल तर काढायला सांगता येतो, आणि मग ज्याने नीट वाढलं त्याच्या हातात टीप द्या. फोन पर्समध्ये ठेव. वर्षभरात सासर, नोकरी, पाहुणे यांच्या गराड्यात दोघांनी एकमेकांना किती वेळ दिला, ते तुझं तुला माहीत आहे. त्या टेबलावर घाईने उठू नका, गोड येईपर्यंत तास-दोन तास बसा. हे जेवण त्यासाठीच आहे.

संगमनेर ते नाशिक जेमतेम 70 किलोमीटर, म्हणून रात्रीच परतू असं वाटेल. पण सिन्नर-नांदूर शिंगोट्याच्या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांचं सोड, मला तुम्ही दोघं धडधाकट घरी आलेली हवी आहात. नाशिकला मुक्काम करा, नाहीतर न पिणारा ड्रायव्हर सोबत घ्या. यातलं एक ठरल्याशिवाय टेबल बुक करू नका.