निलगिरी : डोंगरावरची आणि बांधावरची

युकॅलिप्टसच्या सातशेहून अधिक जातींपैकी इम्लेएन्सिस ही झुडूपवजा, दुर्मिळ जाती ऑस्ट्रेलियातील माउंट इम्ले या एकाच डोंगरावर आढळते. अधिवासाचे असे बंधन, काहीसे सैल, औषधी निलगिरीसही आहे. तैलपर्ण म्हणून आपण योजतो ते द्रव्य (चरक-सुश्रुतांत ते नाहीच) मुख्यतः ग्लोब्युलस जातीचे. १८४३ मध्ये निलगिरी पर्वतावर लावलेल्या या वृक्षास थंड, उंच प्रदेशच मानवतो. समुद्रपूरसारख्या उष्ण, सपाट मुलखात बांधावर दिसते ती बहुधा टेरेटिकॉर्निस. तिच्या तेलात सिनिओल सामान्यतः कमी. युरोपीय फार्माकोपियास मात्र ते किमान ७० टक्के हवे. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे बांधावरचीच पाने वाफाऱ्यास दिली. गुण अल्पच दिसला. फार्मसीचालकांनी तेल घेताना जातीचे नाव व सिनिओलचे प्रमाण पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.