सुरळीतील अळी की कॅडिसमाशीची अळी?

कोकणातील भातखाचरात पाण्यावर तरंगणाऱ्या सुरळ्या दिसल्या की फवारणीची घाई होते. पारापॉयनॅक्स स्टॅग्नॅलिस या पतंगाची अळी, म्हणजे सुरळीतील अळी, पानांचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे कापते, त्यांच्या सुरळीत राहते आणि पानांतील हिरवा भाग खरवडते. परंतु पाटात, ओहोळात आणि कधी खाचरातही वाळूचे कण, काटक्या वा पानांचे तुकडे रेशमाने सांधून घर करणारी अळी निराळी असते. ती ट्रायकोप्टेरा गणातील कॅडिसमाशीची. हा गण पतंगांचा सर्वांत निकटचा आप्त असून दोहोंच्या अळ्या रेशीम काढतात. गल्लत होते ती त्यामुळेच.

हा भेद करण्यास जनुकीय चाचणी नको, हातभिंग पुरते. अळी घरातून अलगद काढून तिचे उदर पाहावे. सुरळीतील अळीस उदराच्या मध्यभागी पोटपायांच्या चार जोड्या व टोकास एक जोडी असते. त्यांच्या तळाशी बारीक आकडे असतात. कॅडिसच्या अळीस मधले पोटपाय नसतात, केवळ टोकास नखर असलेली एक जोडी असते. कल्ल्यांवर विसंबू नये. ते दोहोंत आढळतात.

कॅडिसची प्रजाती ठरविणे मात्र कठीण. प्रजातींची नावे मुख्यतः प्रौढ नराच्या जननांगांवरून दिलेली असल्याने बहुतेक अळ्या अनामिक राहतात. पक्व नर कोष मिळाल्यास, अनेक कुळांत अळीच्या कातीचे कठीण तुकडे त्याच घरात सापडतात व दुवा जुळतो. पण असा कोष हाती लागणे नशिबाचेच. 2003 मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट व सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या डीएनए बारकोड पद्धतीत सीओआय जनुकाचा सुमारे 658 आधारजोड्यांचा भाग वाचतात. अळीचा क्रम ओळख पटलेल्या प्रौढाशी जुळला की तिला नाव मिळते आणि मग तिच्या बाह्य लक्षणांचे वर्णन करता येते. मात्र प्रौढाचीच ओळख चुकलेली असेल, तर तीच चूक अळीच्या माथी बसते. म्हणून एक पाय चाचणीस देऊन उर्वरित नमुना जपावा.

नमुना 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. फॉर्मेलिनने डीएनए बिघडतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी.

कॅडिसच्या अनेक प्रजाती स्वच्छ, प्राणवायुयुक्त पाण्यातच तग धरतात. त्यांच्यावर कीटकनाशक मारल्यास पीक वाचत नाही, ओहोळ मात्र बाधतो. सुरळीतील अळीच असल्याची खात्री झाल्यास प्रथम खाचरातील पाणी काही दिवस काढून टाकावे. कल्ल्यांनी श्वसन करणारी ही अळी पाण्यावाचून फार काळ जगत नाही.