चित्रातले घर आणि फुटलेले धरण

एक जुना फोटो आहे. त्यात एक लाकडी माडीचे घर कुशीवर पडले आहे. त्याच्या वरच्या खिडकीत एक भलेमोठे झाड घुसले आहे. झाड मुळासकट उपटलेले आहे. आजूबाजूला मोडक्या फळ्यांचे ढीग आहेत.

हे घर वाऱ्याने पडले नाही. ते पाण्याने पाडले. घरात सहा माणसे होती. नवल असे, की ती सहाही वाचली. पण त्या गावातली सगळीच माणसे एवढी नशीबवान नव्हती.

ही हकिकत अमेरिकेतली आहे. तेथे पेनसिल्व्हानिया राज्यात जॉन्सटाउन नावाचे शहर आहे. दोन नद्यांच्या संगमावर, डोंगरांच्या कुशीत ते वसले आहे. तेथे लोखंडाचा मोठा कारखाना होता. शहर आणि आसपासची खेडी मिळून सुमारे तीस हजार लोकवस्ती होती.

शहराच्या वरच्या अंगाला, चौदा मैलांवर, मातीचे एक धरण होते. ते ७२ फूट उंच आणि नऊशे फुटांहून जास्त लांब होते. सरकारने ते कालव्यातील नावांसाठी बांधले होते. पुढे आगगाडी आली. कालव्याची गरज संपली. धरण विकले गेले. शेवटी ते पिट्सबर्ग शहरातल्या श्रीमंत लोकांच्या एका मंडळाने घेतले. पोलादाचे मोठे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी हेही त्या मंडळात होते. ही मंडळी उन्हाळ्यात तेथे हवा खायला आणि मासे धरायला येत.

आता धरणाचे काय झाले ते नीट लक्षात घ्या.

धरणाच्या तळाशी पाणी सोडण्याचे लोखंडी नळ होते. ते आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले. मंडळाने ते पुन्हा बसवले नाहीत. वरून बग्गी जावी म्हणून धरणाचा माथा थोडा कापून रुंद केला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

ज्याच्या गावाला तळे आहे, त्याला सांडवा म्हणजे काय हे सांगायला नको. जास्तीचे पाणी निघून जाण्याची ती वाट. तीच अडली तर पाणी बांधावरून वाहते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की ते माती खरवडून नेते. मग बांध टिकत नाही.

३१ मे १८८९ रोजी तसेच झाले. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. तळे काठोकाठ भरले. जाळ्यांत काटक्या, पालापाचोळा अडकला. मजुरांनी घाईने माथ्यावर माती टाकली. दुसरी वाट खणून पाहिली. पण वेळ निघून गेली होती. तारेने खाली निरोप धाडले. पण "धरण फुटणार" ही आवई लोकांनी पूर्वी कितीदा तरी ऐकली होती. फारसे कोणी हलले नाही.

दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. तासाभरात पाणी शहरात आले. वाटेतली घरे, झाडे, आगगाडीची इंजिने, कारखान्यातली काटेरी तार, सगळे घेऊन आले. हा ढिगारा दगडी पुलाला अडला आणि पेटला. पाण्यातून वाचलेली कित्येक माणसे त्या आगीत मेली.

त्या दिवशी २,२०० हून अधिक माणसे दगावली. ९९ कुटुंबांतले एकही माणूस उरले नाही. सातशेहून अधिक प्रेतांची ओळखच पटली नाही. रेडक्रॉसच्या क्लारा बार्टन ६७ वर्षांच्या होत्या. त्या धावून आल्या आणि पाच महिने तेथे राहिल्या.

बुडालेल्या लोकांनी कोर्टात दाद मागितली. पण मंडळाकडून कोणाला भरपाई मिळाली नाही. ही देवाची करणी, असे ठरले. पाऊस देवाचा खरा, पण जाळ्या माणसांनी लावल्या होत्या.

पाणी ओसरल्यावर फोटो काढणारे आले. त्या काळी कॅमेरा जड असे. चित्र काचेवर उमटे. तरीही त्यांनी पुष्कळ चित्रे घेतली. ती गावोगाव विकली गेली. लोकांनी ती पाहिली आणि त्यांना संकट किती मोठे होते ते कळले.

चित्रात पडलेले घर दिसते. धरणाला पडलेले खिंडारही दिसते. पण नळ कोणी विकले, ते पुन्हा का बसवले नाहीत, हे चित्रात दिसत नाही. ते लिहून ठेवले होते, म्हणून आज आपल्याला कळते. म्हणून चित्र पाहावे आणि लिहिलेलेही वाचावे. आपल्या गावच्या तळ्याचा सांडवा मोकळा आहे का, हे मात्र पावसाळ्याआधी स्वतः जाऊन पाहावे.

शब्दार्थ
सांडवा – जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट
आवई – खोटी बातमी, अफवा
खिंडार – भिंतीला किंवा बांधाला पडलेले मोठे भगदाड
दाद मागणे – न्याय मागणे

प्रश्न
१. धरणात कोणते तीन बदल झाले होते?
२. लोकांनी निरोप मिळूनही घरे का सोडली नाहीत?
३. मातीच्या बांधावरून पाणी वाहिले तर काय होते?
४. तुमच्या गावच्या तळ्याची किंवा बंधाऱ्याची देखरेख कोण करतो? विचारून चार ओळी लिहा.