रंग नवा, तपासणी अपुरी : दुरुस्त विमानाचा परतीचा प्रवास

मोठ्या दुरुस्तीसाठी परदेशी पाठविलेले प्रवासी विमान काम संपल्यावर मायदेशी आणावयाचे असते. पुष्कळदा त्याची अंतिम तपासणी व प्रमाणन व्हावयाचे बाकी असते. असे विमान प्रवासी वाहतूक करू शकत नाही. परंतु उडाल्याखेरीज ते घरी पोहोचणारही नसते. हा पेच सोडविण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या नियमांत विशेष उड्डाण परवान्याची तरतूद आहे.

परवाना कशासाठी?

१९४४ च्या शिकागो कराराच्या ३१ व्या अनुच्छेदानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानास, ज्या देशात त्याची नोंदणी झाली असेल त्या देशाने दिलेले अथवा ग्राह्य मानलेले उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रावर उणिवेचा शेरा असल्यास, ४० व्या अनुच्छेदाप्रमाणे, ज्या देशांच्या हद्दीत विमान शिरणार त्यांची अनुमती घ्यावी लागते. परवाना देताना सामान्यतः मार्ग ठरवून दिला जातो, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांखेरीज कोणासही नेण्यास मनाई असते आणि विमान त्या एका प्रवासापुरते सुरक्षित असल्याची खात्री करून घेतली जाते. परवाना प्रवासाचा असतो. राहिलेली तपासणी त्याने पूर्ण होत नाही. हा भेद विसरल्यास काय घडते, याचे उदाहरण फ्रान्समधील आहे.

पेर्पिन्याँची दुर्घटना

एअर न्यूझीलंडच्या मालकीचे एक एअरबस ए-३२० विमान जर्मनीतील एक्सएल एअरवेज या कंपनीने भाड्याने घेतले होते. मुदत संपल्यावर फ्रान्समधील पेर्पिन्याँ येथे त्याची देखभाल व रंगकाम झाले. जर्मन नोंदणीखाली उडण्यास ते मोकळे होते. परंतु मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वीची तपासणी बाकी होती. २७ नोव्हेंबर २००८ रोजी ही तपासणी करून विमान पुढे फ्रँकफुर्टला आणि तेथून न्यूझीलंडला न्यावयाचे होते.

चाचणी उड्डाणासाठी राखीव हवाई क्षेत्राची व्यवस्था नव्हती. सर्वसाधारण वाहतुकीच्या मार्गावर चाचण्या करता येणार नाहीत, असे हवाई नियंत्रकाने सांगितले. त्यामुळे कार्यक्रम आखूड करून विमान परत वळविण्यात आले. अत्यल्प वेगाची चाचणी सुमारे १४,००० फूट उंचीवर करावयाची असते. ती परतीच्या वाटेवर सुमारे ३,००० फुटांवर करण्यात आली.

दोष आधीच दडलेला होता. रंगकामापूर्वी विमान पाण्याने धुताना, वाऱ्याच्या झोताशी विमानाचा होणारा कोन मोजणारे संवेदक झाकलेले नव्हते. आत शिरलेले पाणी उंचावरील थंडीत गोठले आणि तीनपैकी दोन संवेदक एकाच जागी अडकले. संरक्षक यंत्रणा वेळीच कार्य करील या अपेक्षेने वेग कमी करण्यात आला. ती कार्यान्वित झाली नाही. उचल गमावलेले विमान सावरण्याइतकी उंची उरली नव्हती. ते समुद्रात कोसळले व सातही जण मृत्युमुखी पडले : दोन जर्मन वैमानिक, एअर न्यूझीलंडचा एक वैमानिक व तीन अभियंते, आणि न्यूझीलंडच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाचा एक अधिकारी.

बोध

या वैमानिकांना चाचणी उड्डाणाचे खास प्रशिक्षण मिळालेले नव्हते, ही बाबही फ्रान्सच्या चौकशी मंडळाच्या अहवालात नमूद आहे. देखभालीनंतरच्या चाचणी उड्डाणांसाठी युरोपीय संघाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले.

पाणीपुरवठा योजना असो वा शाळेची इमारत, काम ताब्यात घेणाऱ्या प्रत्येकास या घटनेतून शिकण्यासारखे आहे. नवा रंग हा काम निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. चाचणी तिच्यासाठी नेमलेल्या परिस्थितीत, नेमलेल्या माणसांनीच करावयाची असते. ते शक्य नसेल तर चाचणी पुढे ढकलावी. वेळ साधण्यासाठी ती वाटेत उरकू नये. चाचणी पुढे ढकलल्याने होणारा विलंब भरून काढता येतो. पेर्पिन्याँ येथे गेलेले सात जीव परत आणता आले नाहीत.