पाठीतली गाठ

दसरा-दिवाळी झाली, की पाथर्डी-जामखेडकडची माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे 'कोयता' म्हणतात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत भरायची. मुकादमाची उचल अंगावर असते. खाडा परवडत नाही. पाठ दुखली तरी काम सुटत नाही. म्हणून आज आपण पाठीची निगा शिकू.

गाठ म्हणजे काय?

मणक्यांच्या दोन्ही बाजूंना मांसाचे जाड पट्टे असतात. त्यांना स्नायू म्हणतात. काम करताना ते आवळतात, विसाव्याला सैल होतात. पण फार वेळ वाकून राहिलं, तर ते आखडतात. एखादा भाग आवळलेलाच राहतो. तो बोटांना गाठीसारखा लागतो. दाबला की कळ येते.

चोळावं कसं?

तिळाचं किंवा करडईचं तेल कोमट करा. दुखणाऱ्याला पालथं झोपवा. आधी तळहाताने हलकं चोळा. गाठ लागली, की तिच्यावर अंगठ्याने हळूहळू दाब द्या. सावकाश दहापर्यंत मोजा, मग सोडा. असं चार-पाच वेळा करा. "बरं वाटतंय का?" असं विचारत राहा. दात-ओठ खावे लागले, तर दाब जास्त झाला असं समजा. मणक्याच्या हाडावर दाबू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

मग गरम पाण्यात फडकं पिळून शेका. आधी ते आपल्या हाताला लावून पाहा.

चोळण्याने थोडा काळ आराम पडतो. तो टिकायला हालचाल हवी. अंथरूण धरून पडू नका. जमेल तसं चाला. साधी पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. ओझं उचलताना गुडघे वाकवा आणि ओझं अंगाशी धरा.

हे करू नका

पायाळू माणसाने लाथ मारली, की उसण जाते, असं लोक म्हणतात. आम्ही सांगतो, लाथ खाऊ नका. जन्मताना पाय आधी आले, म्हणून पायात औषध येत नाही. लाथेने मणक्याला इजा मात्र होऊ शकते.

दवाखाना केव्हा गाठावा?

पायात मुंग्या येतात, पाय बधिर होतो किंवा त्यातलं बळ जातं. पडल्यावर पाठ दुखू लागते. दुखण्याबरोबर ताप येतो. अशा वेळी चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. उशीर झाला तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. एक खाडा परवडेल, पाय गेलेले परवडणार नाहीत.

गरोदर बाईची कंबर नर्सबाईंना विचारल्याशिवाय दाबू नका. पोटरी सुजून लाल व गरम झाली असेल, तर तीही चोळू नका, डॉक्टरांकडे जा.

शिक्षण थोडं, म्हणून हे जमणार नाही असं मानू नका. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे अक्षरओळख नसलेल्या बायकाही शिकून गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. तुम्हाला तर आता वाचता येतं. हा धडा घरी मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न

1. स्नायूत गाठ कशी होते?
2. दाब जास्त झाला, हे कसं ओळखाल?
3. कोणत्या खुणा दिसल्या तर चोळू नये?