शनिवारची मिस्सा चालते का?

प्रश्न: आम्ही दोघे वसईहून लोकलने नोकरीला जातो. रविवारी मुलाचा क्लास, मिस्सा चुकते. रात्रीची रोझरीही राहते. आमची श्रद्धा कमी पडते का? – एक वाचक, वसई

उत्तर: ताई, वेळ अपुरा पडणे आणि श्रद्धा कमी पडणे एक नव्हे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आजारपण किंवा तान्हे बाळ असेल तर सूटच आहे. क्लास मात्र त्यात बसत नाही, तेव्हा शनिवार गाठा नाहीतर बॅच बदला. रोझरीला पंधरा-वीस मिनिटे लागतात. जेवणाआधी एकच रहस्य, दहा नमो मरिया, म्हणा. ही पळवाट, असे घरातले वडीलधारे म्हणतील. पण रोझरी बंधन नाही, ऐच्छिक भक्ती आहे. शिफ्टची अडचण कायमची असेल तर प्रमुख धर्मगुरूंना भेटा. योग्य कारणासाठी सवलत द्यायचा अधिकार त्यांना आहे.